वस्तादाचा तांब्या

आमच्या मंठाळात तालमीच्या वस्तादाला पगार नव्हता, दूध होतं. ज्या बावीस घरांतली पोरं तालमीत जायची, त्या घरांनी पाळीपाळीनं रोज सकाळी एक तांब्या धारोष्ण दूध वस्तादाच्या दारी पोचवायचं. वस्तादानं भरला तांब्या कधी परत पाठवायचा नाही. परत गेला तर त्या घरच्या पैलवानाची पाठ त्या साली मातीला लागते, असं सगळे मानायचे. हे कुणी ठरवलं ते मला ठाऊक नाही. मी अकराव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे वस्ताद होते आणि दूध येत होतं. सासऱ्यांमागं आमचे मालक वस्ताद झाले. दूध येतच राहिलं.

मालकांचं नाव जगदेवप्पा. मी ते तोंडानं कधी घेतलं नाही, लिहिताना चालतं. पहाटे उठून लिंगपूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आणि तालमीत जायचं. पाचशे बैठका, तीनशे जोर, मग पोरांना खेळवायचं. आमच्याकडं ज्वारीची पोती मराठीत मोजत आणि बैठका कानडीत. वारा घराच्या बाजूला असला की मला चुलीपाशी त्यांचा आवाज ऐकू यायचा, ऒंदु, एरडु, मूरु. शंभर झाले की पुन्हा ऒंदु.

व्यायामानं माणसं सुधारतात हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. चनमल्लप्पा हा ऐन तिशीतला माणूस शिंदीच्या नादानं इतका उतरला होता की त्याची आई त्याला हाताला धरून तालमीत सोडून गेली. मालकांनी त्याला पहिला महिना नुसता आखाडा उकरायला लावला. लाल माती उकरायची, ताक आणि हळद घालून मळायची, पुन्हा उकरायची. सहा महिन्यांनी त्याच्या आईला तिचा मुलगा परत मिळाला. दमेकरी पोर, रात्री अंथरुणात घाबरून ओरडणारं पोर, भाकरी अंगी न लागणारं पोर, सगळी तिथं जाऊन माणसात आली.

पण मालकांना थांबणं ठाऊक नव्हतं. ताप असला तरी बैठका. सासरे गेले त्या दिवशी माती देऊन घरी आले, आधी शंभर बैठका मारल्या आणि मग रडले. पोलीस ॲक्शनच्या साली तालमीला कुलूप होतं, तेव्हा घरच्या ओसरीत मारायचे. पन्नाशीनंतर त्यांचे गुडघे वाजायला लागले. मी एकदा म्हणाले, जरा कमी करा. ते म्हणाले, "लोखंड हाय, वाजणारच."

रझाकारांची धामधूम संपून पाचेक वर्षं झाली होती, त्या सालची ही गोष्ट. नागपंचमीला आमच्याकडं मारुतीच्या देवळापुढं गुंड उचलतात. गुंड म्हणजे मोठा गोल दगड. पहिला मान वस्तादाचा. मालकांनी गुंड छातीपर्यंत आणला, खांद्यावर घेतला, टाकला आणि तिथंच खाली बसले. लोकांना वाटलं नमस्कार करायलेत. मी बायकांत उभी होते. त्यांच्या कपाळाची विभूती घामानं वाहून गेलेली मला तिथून दिसली.

बैलगाडीत घालून त्यांना कल्याणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघा दाबून बघितला. काळीज थकलंय म्हणाले. जोर, बैठका, वजन सगळं बंद. दूध-तूप कमी. मात्र रोज सकाळी थोडं चालायचं, वेशीपर्यंत, आणि आठवड्याआठवड्यानं पुढं जायचं.

यातलं 'बंद' तेवढं त्यांनी घरी आणलं. तालमीची किल्ली चनमल्लप्पाच्या हाती दिली आणि बाजेवर पडले. मी चालायचं काढलं की म्हणायचे, "चालणं ही काय कसरत हाय व्हय? म्हशी बी चालत्यात."

आणि गाव त्यांच्या मायेपोटी वेडं झालं. वस्ताद आजारी, मग पाळीची वाट कोण बघणार? सकाळी दोन तांबे, दुपारी एक, सांजच्याला आणखी दोन. श्रीपतराव दुकानदारांनी बदाम पाठवले. कुणी तूप आणून दिलं, कुणी खारका. ज्यानं जन्मभर पाचशे बैठकांवर एक तांब्या पचवला होता, तो आता बाजेवर पडून पाच तांबे पीत होता. परत पाठवणं पाप, टाकून देणं त्याहून मोठं पाप. मी दूध आटवून खवा केला, म्हटलं टिकेल. मी शेतात गेले की मालक उठून तो खायचे. तेवढ्यापुरते मात्र चालायचे.

दिवाळी येईपर्यंत त्यांचं अंग सैल पडलं. पावलं सुजली. रांजणापर्यंत जाऊन आले तरी धाप लागायची. एका सकाळी त्यांना बाजेवरून उठताच येईना. मी एकटीनं उचलून बघितलं, मग शेजारच्या सोजराबाईला हाक मारली. दोघींनी मिळून त्यांना बसतं केलं. सोजराबाई गेल्यावर तोंड भिंतीकडं करून पडून राहिले.

पुन्हा कल्याणीला गेलो. डॉक्टर त्यांच्या सुजलेल्या पायात बोट रुतवून बघत होते. ते दखनीत बोलायचे. म्हणाले, "वस्ताद, पहले बी हद कर दिए, अब बी हद कर रए." बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच पडून राहिले तर पुढचा पावसाळा बघणार नाहीत. मी गाडीत त्यांच्याजवळ बसून आले. वाटेत तुरीची शेतं पिवळी झाली होती. मला त्यातलं काही धड दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आधी सोजराबाईकडं गेले. ती गोवऱ्या थापत होती. उद्यापासून दूध नको, मी म्हणाले. तिचा हात थांबला.

"माझ्या अंकुशची कडगंचीच्या जत्रंत कुस्ती हाय. तुला ठाऊक हाय न्हव?"

"हाय ठाऊक. पर त्यांचे पाय बघितलीस की तू. दुधानं मरतील ते, सोजरा."

"दुधानं कोण मरतंय का, सिद्धव्वा? काई बी बोलायलीस."

ती रडायला लागली. शेणाच्या हातानं डोळे पुसता येईनात म्हणून माझ्या पदराला तोंड पुसलं. मी परत आले. एका घरी हे, तर बावीस घरी काय होईल, हे मला कळून चुकलं. आमच्या दोन मुली कडगंचीकडंच दिलेल्या. त्यांना निरोप धाडावा तर त्याही येताना तूप घेऊन येतील.

दोन दिवसांनी चनमल्लप्पा तालमीच्या गोष्टी सांगायला आला. बाजेशेजारी बसून कोण किती बैठका मारतंय, कोण चुकवायलंय ते सांगत होता. मालकांच्या हातात तिसरा तांब्या होता. पोटाला तडस लागलेली. अर्धा प्याले आणि उरलेला त्याच्यापुढं केला. "घे." चनमल्लप्पानं तांब्या दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला आणि घटाघट पिऊन टाकला. वस्तादाच्या हातचं मिळालं म्हणून त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता.

मी चुलीपाशी होते. भाकरी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं दूध आलं. मी ते त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, परत पाठवायचं नाही हे खरं, पण वस्तादानं आपल्या हातानं पैलवानाला द्यायला कुणी मना केलंय? मग म्हणाले, "बोलव की पोरांना हितं."

"तालीम चालू असताना पैलवानानं उंबरा ओलांडायचा न्हाई. तुम्हीच लावून दिलंय."

"मग तू नेऊन दे."

"बाईनं तालमीत पाय ठेवायचा न्हाई. ते तुमच्या अप्पांनी लावून दिलंय."

"चनमल्लप्पाच्या हाती पाठीव."

"मग वस्तादाच्या हातचं कसं व्हतंय ते?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी जणांना कुस्तीत चीत केलं होतं. आपण कुठल्या पेचात अडकलो हे त्यांना बरोबर कळलं होतं. "काठी दे," म्हणाले.

आमच्या घरापासून तालीम दोनशे पावलं. मी मागून मोजत गेले. ते वाटेत तीन ठिकाणी थांबले. श्रीपतरावांच्या दुकानाच्या पायरीवर बसले तेव्हा श्रीपतराव आतून पाणी घेऊन धावले. मी नको अशी खूण केली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. तांब्या इतका हलत होता की निम्मं दूध धोतरावर सांडलं. रस्त्यातली माणसं उभी राहिली, पण कुणी जवळ आलं नाही. तालमीच्या दारात मी थांबले, ते आत गेले. आतले आवाज एकदम बंद झाले. मग कोणीतरी पोर हुंदका देऊन रडल्यासारखं वाटलं आणि मालकांचा आवाज आला, "रडतोस कामून रे, दूध पी."

येताना ते घामानं भिजले होते. मला वाटलं, मीच त्यांना मारते की काय. घरी येऊन दीड तास पडून राहिले. मग उठून बसले आणि मागून भाकरी खाल्ली. कितीतरी दिवसांत त्यांनी काही मागितलं नव्हतं.

त्यानंतर रोजचं तेच सुरू झालं. येईल ते दूध ते स्वतः नेऊन द्यायचे. सांजचे तांबे बाळंतिणीच्या घरी, म्हाताऱ्याकोताऱ्याच्या घरी. गावाला आधी नवल वाटलं, मग मान वाटायला लागला. वस्ताद दारी येऊन दूध देतात म्हणजे केवढी गोष्ट. सोजराबाईचा अंकुश तर त्यांच्या हातचं प्यायला मिळावं म्हणून सगळ्यांच्या पुढं बसायचा. पंधरा दिवसांत वाटेतलं थांबणं तिनाचं एक झालं. महिन्यात काठी दारामागंच राहायला लागली. पावलांची सूज उतरली. हुरड्याच्या दिवसांत तर ते वेशीबाहेर पार आमच्या शेतापर्यंत यायचे, बांधावर बसायचे, दोन कणसं भाजून खायचे आणि चालत परत. मी रात्री त्यांचा श्वास ऐकत पडायचे. तो आता सरळ चालला होता.

मला वाटलं, जिंकलो.

संक्रांतीनंतर ते लवकर निघायला लागले. दूध यायच्याही आधी, फटफटायला लागलं की. जरा वेशीपर्यंत जाऊन येतो म्हणायचे. थंडी चांगली होती, तरी येताना बंडी ओली असायची. तिसऱ्या दिवशी त्यांच्या टाचांना लाल माती दिसली. वेशीच्या वाटेवर लाल माती नाही. ती फक्त तालमीत असते.

चौथ्या दिवशी मी मागून गेले. तालमीचं दार ओढून घेतलेलं होतं; किल्ली त्यांनी चनमल्लप्पाकडून कधी परत मागून घेतली ते मला कळलंही नव्हतं. आतून आवाज आला. हळू, दात चावून काढल्यासारखा. हन्नोंदु. हन्नेरडु. दोन आकड्यांच्या मध्ये गुडघा वाजत होता आणि मग श्वास, फाटक्या भात्यासारखा. तेराव्याला हदिमूरु म्हणायला त्यांना किती वेळ लागला ते मला अजून आठवतं.

बाहेरून हाक मारली असती तर ते थांबले असते. त्या दिवसापुरते. दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आले असते. माणूस चोरून जे करतो ते हाक मारून सुटत नाही, हे मी खव्यावरून शिकले होते. मी दार ढकललं आणि उंबरा ओलांडून आत गेले. माझ्या सासूनं तिच्या आयुष्यात तालीम आतून बघितली नव्हती. मी तर सरळ आखाड्यात उतरले. माती गार होती.

मालक अर्ध्यातच थांबले. लंगोट, उघडं अंग, तोंड पांढरं पडलेलं. कुणीतरी चोरी धरावी तसं बघत होते.

"कामून आलीस? भायेर जा."

"किती झाल्या?"

"तुला काय करायचंय?"

"हदिमूरु झाल्या. मी ऐकलंय. आता पुढच्या दोघं मिळून मारू." मी लुगड्याचा काष्टा आवळला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. "तुम्ही पडलात तर मला घरी जाऊन काय करायचंय? हितंच बरं."

ते काही बोलायच्या आत मी बैठक मारली. त्यांच्यासारखंच मोठ्यानं म्हणाले, हदिनाल्कु. मग हदिनैदु. हदिनारु. मला दम लागला नाही. चुलीपुढं, शेतात निंदताना, गाईखाली, जन्मभर मी उठत-बसतच आले होते, फक्त मोजलं नव्हतं. मालक हात खाली सोडून बघत राहिले. मी विसापर्यंत गेले तेव्हा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू होतं की काय कोण जाणे.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुमच्या चुलीनं."

मग ते खरंच हसले. हसता हसता मातीत बसले, पाय पसरून, आणि श्वास खाली बसेपर्यंत छातीवर हात ठेवून राहिले. मी उभीच होते. थोड्या वेळानं त्यांची नजर बदलली. पोरांचा डाव बघताना त्यांची नजर जशी व्हायची तशी. म्हणाले, "अजून एक मार बघू. हात पुढं घेऊन."

मी मारली. डावा हात खांद्याच्या सरळ आला. उजवा कमरेच्या जरा वर येऊन अडकला.

"हात का येईना गं?"

"येत न्हाई."

"कवापासनं?"

मला सांगायला नको वाटलं. पण खोटं बोलायची ती जागा नव्हती. मी म्हणाले, पाच-सहा वर्षं झाली असतील. रोज पहाटे जातं ओढून ओढून खांदा धरला आहे. वेणी डाव्या हातानंच घालते. उतरंडीवरचं मडकं काढायला सोजराबाईला बोलावते.

"मला बोललीस न्हाई."

"तुम्ही मोजायलेले असायचात. मोजताना बोललं की तुमचा आकडा चुकायचा."

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश उठले. कोनाड्यात पोरांची तेलाची बाटली होती ती घेतली. मला आखाड्याच्या काठावर बसवलं आणि माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन खांद्याला तेल लावलं. हजार खांदे चोळलेले हात होते ते. कुठं गाठ आहे, कुठं शीर आखडली आहे, न विचारता बोट तिथंच जायचं. दुखलं तेव्हा मी दात आवळले. त्यांना ते न बघताही कळलं, हात हलका केला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. गावातला एकही पैलवान असा नव्हता की ज्याची मालीश त्यांनी केली नाही. माझी पहिलीच.

मग मला भिंतीपाशी उभं केलं. "बोटं भिंतीवर ठेव. मुंगी चढती तशी चढीव वर. जितकी जातील तितकी. दुखलं की थांबायचं, जोर लावायचा न्हाई. रोज थोडं. उद्या आजच्यापेक्षा एक बोट वर, बस. साकु."

माझी बोटं हनुवटीपर्यंत गेली आणि थांबली. त्यांनी लाल माती बोटावर घेऊन तिथं भिंतीवर एक खूण केली. खूण करताना त्यांचा हात मध्येच राहिला. ते आपण आत्ता काय बोललो ते ऐकत असावेत.

"डॉक्टर बी हेच म्हणला व्हता," ते म्हणाले.

"व्हय."

"रोज थोडं."

"व्हय. आठवड्याआठवड्यानं पुढं."

त्यांनी खुंटीवरचं धोतर काढलं आणि नेसायला लागले. नेसताना म्हणाले की उद्यापासून वेशीपर्यंत दोघं जाऊ, येताना इथं थांबू, पोरं यायच्या आत तुझा हात बघू. मी विचारलं, आणि बैठका? ते निऱ्या घालत होते. म्हणाले, "तू मारलीस की. घरात एकानं मारल्या म्हंजे झालं."

बाहेर आवाज आला. उजाडलं होतं, चनमल्लप्पा पोरांना घेऊन आला होता. दार उघडं आणि आत वस्तादीण, आखाड्याच्या मातीत, लुगड्याचा काष्टा आवळून, खांद्याला तेल चोपडून उभी. ते सगळे उंबऱ्याबाहेरच थबकले. कुणाला आत यावं की पळावं कळेना. अंकुशनं तर तोंड दुसरीकडं वळवलं.

मी लाजून पदर ओढायला गेले. मालकांनी माझं मनगट धरलं, हात पुन्हा भिंतीकडं नेला आणि दाराकडं न बघताच म्हणाले, "थांबा रे जरा भायेर. पैलवानाची मालीश व्हायची हाय अजून."